थॉर्व्हलच्या रायफलीत काय घालायचं

थॉर्व्हल स्कोगेन या माणसाने आयुष्यात कशावरही काहीही लिहिलं नाही. तळघरातल्या बरण्यांत काय आहे हे उघडून वास घेतल्याशिवाय कळत नसे, आणि त्यातल्या काही बरण्यांचा वास घेणं शहाणपणाचं नव्हतं. फ्रीझरमध्ये पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या मांसाच्या पुड्या रचलेल्या असत. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरिण कुठलं, साधं हरिण कुठलं आणि माशांच्या गळाला लावायचं आमिष कुठलं, हे त्याला पुडी हातात घेतली की कळे. बाकीच्यांना जेवताना कळे. विजेच्या बोर्डावर बटणांच्या दोन रांगा होत्या, एकाखालीही अक्षर नाही. त्याच्या मुलीने, अर्डिसने, एकदा चिकटपट्टी आणि पेन घेऊन नावं लिहायला सुरुवात केली, तर म्हातारा म्हणाला, "मला माहीत आहे ना कुठलं काय ते? मग लिहायचं कशाला?"

पद्धत तशी उत्तम आहे. तिला एकच अट आहे, की माणसाने मरायचं नाही. थॉर्व्हल मार्चमध्ये गेला.

अर्डिस आमच्या ड्राय फोर्कच्या शाळेची बस चालवते. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेराने दणकट, आणि बोलणं बेताचं. बर्फ असो, चिखल असो, खडीच्या रस्त्यावर बस नाचत असो, तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. तिला गरज पडत नाही. ती डोक्यावरच्या आरशातून नुसती बघते आणि मागच्या बाकावरची मारामारी थांबते. हा आरसा तिच्या डोळ्यांत कायमचा बसलेला आहे. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात ती मूठभर खिळे घ्यायला आली तरी मी सरळ उभा राहतो, आणि माझी साठी झाली आहे. तिचा नवरा लेलँड अलास्काला मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात एका हंगामापुरता म्हणून गेला होता. तो हंगाम अजून चालू आहे. त्याबद्दल ती काही बोलत नाही आणि आम्ही काही विचारत नाही. त्यानंतर ती बापाजवळ राहायला आली आणि त्याच्या न लिहिलेल्या बरण्यांमध्ये राहिली.

आता परवान्याचं. आमच्या इथे नॉर्थ फोर्कच्या वरच्या खोऱ्यात नर एल्क मारायचा तर परवाना सोडतीने मिळतो. अर्ज ढीगभर, परवाने चिमूटभर. थॉर्व्हल दर वसंतात अर्ज टाकी आणि दर ऑगस्टमध्ये सरकारचा नकार येई. पुढेपुढे तर हा नकार म्हणजेच त्याला नेमाने येणारं एकमेव टपाल होतं. अर्ज भरून द्यायचं काम अर्डिसचं असे; यंदा बाप गेल्यावर सवयीने हात चालला म्हणून तिने स्वतःच्या नावाचा अर्ज टाकला, आणि तिचं नाव निघालं. माझ्या दुकानात उभं राहूनच तिने लिफाफा फोडला. वाचलं. घडी घातली.

"आता मेलं निघालं होय," ती म्हणाली.

मी अभिनंदन करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"बाबांच्या रायफलीने मारणार," ती म्हणाली. "नाहीतर मारणारच नाही."

तिची स्वतःची रायफल आहे. साधी, कारखान्याची, माझ्याच दुकानातली, आणि तिने ती उत्तम चालवलेली आहे. पण हे खोरं थॉर्व्हलला जन्मभर हवं होतं आणि रायफलही त्याने जन्म घालवून केलेली. थॉर्व्हल मळणीची कंबाईन यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करत असे. शेडमधल्या लेथवर त्याने ती एकेक भाग करून घडवली: जुन्या लष्करी रायफलीचा सांगाडा, त्याला नवी नळी, आणि असा काळसर अक्रोडाचा दस्ता की हात लावायच्या आधी माणूस पँटला पुसून घेतो. शिकार सुरू व्हायची ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अर्डिसला शाळेकडून सुट्टी मिळाली ती त्या रविवारला लागून जेमतेम दोन दिवस. पुढे बर्फ पडला की ते खोरं बंद. म्हणजे हा रविवार, ही रायफल, हा परवाना, हे तीन धागे एकदाच जुळणार होते.

आणि रायफलीवर काही लिहिलेलं नव्हतं.

एरवी नळीवर कोरलेलं असतं, अमुक काडतूस घाला. कारखाना कोरतो, घरी रायफल बनवणारेही कोरतात, कारण चुकीचं काडतूस घातलं तर रायफल पुढच्या बाजूने गोळी मारण्याऐवजी मागच्या बाजूने मारणाऱ्याला शोधत येते. थॉर्व्हलची नळी म्हणजे आरसा, एक ओरखडाही नाही. तयार काडतुसं एकही शिल्लक नव्हती. ती भरायची त्याची अवजारं शेडमध्ये होती, ती अर्डिसचा धाकटा भाऊ रॉजर याने एप्रिलमध्ये लिलावात काढली. कॉफीच्या जुन्या डब्यांत 'किरकोळ लोखंड' या सदराखाली ती डाकोटातल्या कुणा शेतकऱ्याच्या ट्रकमध्ये बसून निघून गेली. राहिली काय, तर म्हाताऱ्याच्या शिकारीच्या नारिंगी कोटाच्या खिशातली, वाजवलेल्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी.

ती पुंगळी आणि रायफल घेऊन अर्डिस मिलो प्रोकॉपकडे गेली. मी सोबत होतो. मिलो आमच्या इथला बंदूक दुरुस्त करणारा. लोण्याच्या जुन्या डेअरीच्या मागे त्याचं दुकान आहे. हात सोन्याचा आहे, पण तोंड थांबत नाही.

"बुडावर थर्टी-ऑट-सिक्स लिहिलंय," अर्डिस म्हणाली. "त्या दुकानी काडतुसांची पेटी आहे माझ्याकडे. घालू?"

"घाल की," मिलो म्हणाला. "फक्त आधी सांगून ठेव, कुठला दात खोटा आहे ते. ओळख पटवायला बरं पडतं."

मग त्याने पुंगळी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा बदलला. लहान मुलासमोर अनोळखी कुत्रं यावं तसा.

"अगं, बुडावर आईचं नाव आहे हे. पोराचं नाही. तुझ्या बापाने थर्टी-ऑट-सिक्सची पुंगळी घेतली, बाटलीसारखी असते ती तिची मान आवळली, खांदा पुढे सरकवला, पोट फुगवलं आणि स्वतःचं काडतूस केलं. असलं काडतूस कुठल्या दुकानात मिळत नाही. याला वाइल्डकॅट म्हणतात."

"बरं. मग हे कुठलं?"

"तेच तर," मिलो म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला. मिलो स्टूल ओढून बसला की आपण ओळखावं.

वाइल्डकॅट ही काय चीज आहे ते ज्यांनी ही माणसं पाहिली नाहीत त्यांना सांगून खरं वाटणार नाही. कारखान्यांनी शंभर तऱ्हेची काडतुसं काढून ठेवली आहेत, त्यांनी हरणापासून अस्वलापर्यंत सगळं मरतं. पण आमच्या भागातल्या प्रत्येक शेडमध्ये एक असा माणूस असतो ज्याला वाटतं की खांद्याचा उतार केसभर तीव्र केला तर जग सुधारेल. तो तसं करतो. मग त्या काडतुसाला स्वतःचं आडनाव लावतो. पलीकडच्या गावातला दुसरा माणूस तोच उतार अर्ध्या केसाने कमी करतो आणि त्याला आपलं आडनाव लावतो. दोघंही पुढची तीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एल्क दोघांच्याही गोळीने मरत आलेला आहे, पण त्याला कुणी मत विचारत नाही.

"घराचा साचा काढावा लागेल," मिलो म्हणाला. घर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची ती पोकळी, जिथे काडतूस बसतं. "पुंगळी आकसते, तिच्यावर भरवसा नाही. नाव कळेपर्यंत वाजवायची नाही हं. माझी शपथ आहे."

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. अर्डिस म्हणाली, "सावकाश कर."

हे वाक्य तिने का उच्चारलं याबद्दल ती नंतर स्वतःला बरंच बोलली.

साचा काढायचा एक धातू असतो, चहाच्या पाण्याच्या उष्णतेने वितळतो. तो घरात ओतायचा, थिजला की बाहेर काढायचा. खुबी अशी की तो आधी आकसतो आणि नंतर फुगत जातो. बरोबर एका तासाने तो घराच्या नेमक्या मापाचा असतो, तेव्हाच मोजायचा. एक तास म्हणजे मिलोच्या दृष्टीने पर्लच्या खानावळीत जाऊन कॉफी पिण्याइतका वेळ. तिथे हार्लन बीडल बसलेला असतो. हार्लन धान्याच्या कोठारातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून पर्लच्या खिडकीतल्या टेबलाला बसवलेला आहे. अर्डिस रजेवर असली की शाळेची बस तो चालवतो, एरवी तो मतं चालवतो.

"सात मिलिमीटरची नळी आहे," मिलोने त्याला सांगितलं.

"मग ते माझ्या मामाचं असणार," हार्लन म्हणाला. "मामा सात मिलिमीटरच करायचा. खांदा कसा आहे?"

"तीव्र आहे."

"मामाचाही तीव्रच होता. त्याची बायको सोडून गेली त्या पायी."

मिलो परतला तेव्हा साचा फुगून बसला होता. पुन्हा वितळवला, पुन्हा ओतला. पुन्हा एक तास होता, आणि पर्लकडे त्या दिवशी अ‍ॅपल पाय ताजा होता. तिसऱ्या वेळी अर्डिसने बस शाळेत सोडली, मिलोच्या दुकानात येऊन दारात खुर्ची टाकली आणि तो तास ती तिथे बसून राहिली. मिलो एकदा टोपी घ्यायला हात लांबवायला गेला. तिने नुसतं पाहिलं. तो तास संपला तेव्हा मिलोला घाम आला होता, पण माप नेमकं निघालं.

निघालं आणि खरं घोडं तिथे अडलं. कारण ते कशाशीच जुळेना.

मिलोकडे या विषयावरची जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांत शेकडो काडतुसांची चित्रं मापांसकट दिलेली. त्याने एकेक चित्र साच्याशी ताडून पाहिलं. एकाचा खांदा जुळे तर मान आखूड. मान जुळे तर पोट बारीक. त्या दिवसापासून आम्ही एकच शब्द ऐकत होतो, "जवळजवळ". अर्डिस रोज संध्याकाळी बस लावून यायची, दारातूनच विचारायची, "काय?" आणि मिलो पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, "जवळजवळ."

"लग्नात नवरा जवळजवळ तोच आहे असं चालत नाही, मिलो."

"तेच म्हणतोय मी. म्हणून तर शोधतोय."

गावात तोपर्यंत बातमी फुटली होती. ज्याला त्याला मत होतं. पोस्टमास्तरच्या मते ते कॅनडातलं काडतूस होतं, कारण थॉर्व्हल एकदा कॅनडाला जाऊन आला होता. पाद्रीबुवांनी रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर अर्डिसला थांबवून हळूच विचारलं की खांद्याचा कोन किती आहे. बसमधली पोरंसुद्धा मागच्या बाकावर पैजा लावत होती. माझ्या दुकानात रंगाचा डबा घ्यायला आलेला माणूस रंग विसरून पाऊण तास काडतुसाचा कीस पाडून, डबा न घेता जात होता. त्या महिन्यात ड्राय फोर्कमध्ये एकही कुंपण रंगलं नाही.

मग मिलोने आयडाहोला फोन लावला. तिथे फेरिस हॉर्नेकर नावाचा एक म्हातारा होता, वाइल्डकॅटवाल्यांतला पीठाधीश. अर्डिस आणि मी समोर बसलो होतो. फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आम्हाला तिथपर्यंत ऐकू येत होता. स्वतःला कमी ऐकू येणारी माणसं दुसऱ्यांना जास्त ऐकवतात.

"खांद्याचा कोन?"

"साडेअडतीस अंश."

"माझा चाळीस आहे. मान?"

"तुमच्यापेक्षा थोडी लांब."

 म्हातारा म्हणाला, "म्हणजे त्याने माझं चोरलं आणि वर बिघडवलं."

"तो वारला हो, हॉर्नेकर."

"वारेल नाहीतर काय," म्हातारा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

साडेअडतीस हा कोन कुणाचाच नाही, एवढ्यावरून मिलोला मात्र धागा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं उलगडून सांगितलं, आणि खरं तर तिथे हे भिजत घोंगडं संपायला हवं होतं. घर कापायचं जे रीमर नावाचं हत्यार असतं ते बहुतेक लोक विकत घेतात. थॉर्व्हल विकत घेणारा नव्हताच. त्याने ते स्वतःच्या लेथवर कंबाईनच्या तुटलेल्या दांड्यातून घासून केलं असणार, मनाला येईल त्या मापाचं, आणि तेही त्याच्या जुनाट मापपट्टीने. तेव्हा हे काडतूस जगात दुसरीकडे कुठे नसणारच. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या आडनावाचं नाही.

"म्हणजे याला नाव नाहीच," मी म्हणालो.

"असणार," मिलो म्हणाला. "त्याने मनात काहीतरी ठेवलं असणारच. माणूस कुत्र्यालासुद्धा नाव ठेवतो."

"बाबांच्या कुत्र्याचं नाव 'कुत्रा' होतं," अर्डिस म्हणाली.

एवढं सांगूनही मिलो थांबला नाही. त्याने युटाला पत्र टाकलं, ओरेगनला फोन केला. थॉर्व्हलचे जुने शेजारी, जुनी गिऱ्हाइकं, लष्करातले सोबती, कुणाला तो कधी काय बोलला होता ते विचारत सुटला. त्यातल्या बहुतेकांचं उत्तर असं की थॉर्व्हल कधी काही बोललाच नव्हता. ऑक्टोबर अर्धा सरला. डोंगरमाथ्यावर पांढरं दिसायला लागलं. एका संध्याकाळी अर्डिस आली. या वेळी तिने दारातून "काय?" म्हटलं नाही. आत आली, मिलोच्या पुढ्यातलं पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"मिलो, एक सांग. नाव कधीच कळणार नाही असं धर. तर ही रायफल वाजवता येते का?"

"येते की."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"येते म्हणजे?"

"म्हणजे घर सरळ कापलंय, म्हाताऱ्याचा हात चांगलाच होता. घर मागून बंद करणारा बोल्ट घट्ट बसतो. नळीचं माप माहीत आहे. पुंगळ्या मी करून देईन, कमी दारूने सुरू करायचं, थोडी थोडी वाढवत न्यायची. त्यात काय एवढं?"

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

मिलोने छताकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू खुर्ची टाकून बसली होतीस ना... त्या दिवसापासून."

बसमध्ये एखाद्या पोराने खिडकीतून दुसऱ्याचं दप्तर फेकलं की जी शांतता पसरते, ती पसरली. अर्डिसचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे महिनाभर मी रोज इथे येऊन 'जवळजवळ' ऐकतेय, कशासाठी?"

"अगं, नाव नको कळायला?"

"मला एल्क मारायचाय, मिलो. त्याचं बारसं नाही करायचं."

"तुला नाही कळायचं," मिलो म्हणाला, आणि एकाएकी तोच चिडला. "किती वर्षं विचारतोय मी त्या थेरड्याला. याच स्टुलावर बसायचा. रायफल मांडीवर घेऊन बसायचा. मी म्हणायचो, थॉर्व्हल, काय आहे रे आत? तर म्हणायचा, 'बसेल ते.' एवढंच. दर शरदात तेच. मला वाटलं, आता तो नाही, साचा माझ्या हातात आहे, पुस्तकं माझ्या हातात आहेत, आता बघतोच कसा सांगत नाहीस. आणि मेल्यावरसुद्धा तोच जिंकतोय."

 अर्डिसने पुस्तकावरचा हात उचलला.

"तुझं नि त्यांचं भांडण तू वर गेल्यावर मिटव. तिथे दोघांनाही वेळ असेल. पुंगळ्या कधी देतोस?"

"शनिवारी."

"शुक्रवारी."

"शुक्रवारी," मिलो म्हणाला.

पुंगळ्या करायची रीत इतकी सोपी निघाली की मला पुन्हा वैताग आला. थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळ्यांची मान आवळायची, बोल्ट जेमतेम मिटेल इतकीच. थोडी दारू, वर गोळी, आणि त्याच रायफलीत वाजवायची. स्फोटाचा दाब पितळेला आतून ढकलतो आणि पुंगळी घराच्या आकाराची होऊन बाहेर येते. म्हणजे साचा रायफलीच्या पोटातच होता, फक्त एकदा घोडा ओढायचा होता.

पहिल्यांदा मात्र खांद्याला लावून ओढत नाहीत. शुक्रवारी दुपारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आम्ही रायफल ट्रकच्या जुन्या टायरला बांधली, घोड्याला दोरी लावली आणि माझ्या पिकअपच्या मागे जाऊन बसलो. हार्लन आमंत्रण नसताना आला होता, घडीची खुर्ची घेऊन.

"मामाची फुटली होती," तो म्हणाला.

"हार्लन, पोरं म्हणतात तू बस चालवताना झोपतोस," अर्डिस म्हणाली. त्याने खुर्ची चार पावलं मागे सरकवली.

दोरी कुणी ओढायची यावर मिलो काही म्हणणार होता, पण ती अर्डिसच्या मुठीत आधीच होती. तिने ओढली. टायर उडाल्यासारखा हलला, आवाज खाणीत घुमला, धूळ बसली. रायफल होती तशी होती. मिलो धावत गेला, बोल्ट उघडला आणि पुंगळी तळहातावर घेऊन सोनार हिरा बघतो तशी सूर्याकडे धरली. सुबक होती हे मलाही दिसत होतं: ताठ खांदा, लांब मान, कुठे तडा नाही, काजळी नाही.

"साडेअडतीस," तो पुटपुटला. "काय कापलंय हरामखोराने."

त्या संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर अर्डिसने ती वाजवली, दारू थोडी थोडी वाढवत. शेवटच्या तीन गोळ्या दूरच्या पुठ्ठ्यावर अशा पडल्या की तिन्हींवर मिळून एक हात ठेवता आला असता.  हार्लनने खुर्चीची घडी केली.

रविवारी पहाटे आम्ही नॉर्थ फोर्कची वाट चढत होतो. अर्डिस पुढे, मी मध्ये, आणि मागे मिलो. मिलोला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की रायफलीला पहिल्या शिकारीला कारागीर लागतो. बर्फ घोट्याएवढा होता, थंडी नाकात टोचत होती आणि मिलो कुजबुजत होता. वाऱ्याचं काय, उताराचं काय, गोळी किती खाली पडेल. एका वळणावर अर्डिस थांबली आणि खांद्यावरून मागे पाहिलं. आरसा नव्हता, तरी लागू पडलं.

उजाडल्यावर आम्ही एका माळाच्या काठाला, पडलेल्या पाइनच्या ओंडक्यामागे बसलो. समोर गवत, पलीकडे दाट झाडी. बराच वेळ काही नाही. मग झाडीतून आधी माद्या आल्या, एकेक, निवांत. आणि त्यांच्या मागून तो. मी पुष्कळ एल्क पाहिलेत, पण तसा नर जवळून नाही. शिंगं एवढी की झाडीतून बाहेर यायला त्याला मान वाकडी करावी लागली.

अर्डिसने रायफल ओंडक्यावर टेकवली. एक मादी त्याच्या पुढे उभी होती. अर्डिस थांबली. मादी हलेना. मिलोचा श्वास मला ऐकू येत होता, माझाही मला ऐकू येत होता, तिचा मात्र नाही. मादीने गवत चघळलं, मान हलवली, आणखी चघळलं. शेवटी ती दोन पावलं पुढे सरकली.

आवाज खोऱ्यातून फिरून परत आला. नर काही पावलं चालला, थांबला, आणि पुढच्या पायांवर हळूच बसल्यासारखा खाली गेला. अर्डिसने बोल्ट ओढून दुसरं काडतूस आत सारलं आणि वाट बघत राहिली. तो पुन्हा हलला नाही.

मी मिलोच्या पाठीवर थाप मारायला वळलो तर मिलो जागेवर नव्हता. तो ओंडक्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसून बर्फ उकरत होता.

"उजवीकडे उडाली ना? तू बघितलीस?"

"मिलो, एल्क पडला."

"हो, हो, छान झालं. पुंगळी कुठे पडली?"

मी त्याला तिथेच सोडलं आणि अर्डिसच्या मागे माळ ओलांडून गेलो. तिने परवान्याची चिठ्ठी काढून शिंगाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, मग तिथेच बर्फात बसली. एक हात त्याच्या मानेवरच्या दाट केसांत. मला वाटलं, आता ती रडेल, आणि मी दुसरीकडे बघायची तयारी केली.

"बघ हे," ती म्हणाली. खोऱ्याकडे, माळाकडे, त्या माद्या गेल्या त्या झाडीकडे तिने हनुवटीने दाखवलं. "दर वर्षी नकार आला की बाबा घडी करून खिशात घालायचे आणि म्हणायचे, नाही तर नाही. मला वाटायचं, काही अडत नाही यांचं." तिने हातमोजा काढून नाक पुसलं. "नुसतं चालत यायला परवाना लागतो का? डबा बांधून आलो असतो आम्ही दोघं. कुठल्याही रविवारी. माणसाने एकदा तरी तोंड उघडायचं ना."

 ती माझ्याशी बोलतच नव्हती.

थोड्या वेळाने ती उठली, बाह्या वर केल्या आणि सुरी काढली. एल्क मारणं हे काम नाही, काम त्यानंतर सुरू होतं. दुपारपर्यंत आम्ही कातडं सोडवून चार भाग केले. मिलोला पुंगळी सापडली होती, त्यामुळे तो मदतीला आला होता, पण तोंडासकट. दाब बरोबर आहे, बघा. खांदा जसाच्या तसा. आता हॉर्नेकरला कळवायला हवं. युटावाल्यालाही. आणि मान किंचित लांब ठेवण्यामागे थॉर्व्हलचा काय हेतू असेल, यावर त्याला एक नवीनच कल्पना सुचली होती.

अर्डिसने मागची तंगडी, सगळ्यांत जड, त्याच्या पाठीवरच्या चौकटीला बांधली आणि पट्टा आवळला.

"अजून एक शब्द बोललास," ती म्हणाली, "तर दुसरी तंगडीही तुझ्याच पाठीवर."

मिलो ओढ्यापर्यंत गप्प चालला. ओढा ओलांडल्यावर मला मागून त्याचा घसा साफ करण्याचा आवाज आला. मी थांबलो, माझ्या पाठीवरची दुसरी तंगडी खाली उतरवली आणि मागून येणाऱ्या अर्डिसची वाट बघत उभा राहिलो.